मागच्या सीटवरचं वजन

ही गोष्ट नव्या रायपूरच्या रस्त्यांवर अजून माणसं यायची होती तेव्हाची. वेगळं राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. जुन्या शहराच्या पलीकडे भाताची शेतं आणि माळ सपाट करून सरकारनं रस्ते आखले होते. एका बाजूनं तीन गाड्या ओळीनं जातील एवढे रुंद. मधोमध लोखंडी पिंजऱ्यांत लावलेली रोपं, आणि संध्याकाळ झाली की आपोआप लागणारे दिवे. फक्त जाणारं कोणी नव्हतं. दिवे लागायचे ते गाईंसाठी आणि वाऱ्यासाठी.

समता कॉलोनीतल्या नीलकंठराव देवपुजारींना मात्र त्या रस्त्यांचं भारी कौतुक. वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, बोलायला कमी, हातानं सारखं काहीतरी करणारा. नाद एकच, जुन्या छोट्या गाड्यांचा. राजेरजवाड्यांच्या लांबलचक गाड्यांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांना आवडायच्या त्या मास्तर, वकील, डॉक्टर अशा माणसांनी जपून वापरलेल्या, गोल पाठीच्या, चिमुकल्या मोटारी. आजवर अशा दोन गाड्या त्यांनी भंगारातून उठवून रस्त्याला लावल्या होत्या आणि मग कोणाकोणा शौकिनाला देऊन टाकल्या होत्या. असल्या गाड्यांना शहरातली गर्दी सोसत नाही. इंजिन तापतं, मागचा ट्रकवाला हॉर्न दाबून धरतो. ते मोकळे रस्ते म्हणजे नीलकंठरावांना कोणीतरी त्यांच्यासाठीच बांधून दिल्यासारखे वाटत.

त्या वर्षी संक्रांतीला इंदूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या हाती तिळगुळाचा डबा दिला आणि जुन्या शहरातल्या बूढापाऱ्यात कुसुमकाकूंकडे पिटाळलं. कुसुमकाकू इंदूबाईंच्या माहेरच्या शेजारी. भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात असलेलं घर त्यांचं. यजमान डॉक्टर विनायकराव जाऊन चाळीसेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तलावाजवळच्या गल्लीतल्या घरात म्हातारी एकटी राहायची.

डबा देऊन नीलकंठराव परसात हात धुवायला गेले आणि तिथेच थांबले. पत्र्याच्या शेडमध्ये मोडक्या खाटांच्या मागे ताडपत्रीखालून एक गोल दिवा त्यांच्याकडे पाहत होता.

"काकू, ही मॉरिस आहे काय?"

"त्यांची आहे," कुसुमकाकू दारातून म्हणाल्या. "ते गेले तवापासून उभीच आहे. तुले पाहिजे का?"

नीलकंठरावांनी ताडपत्री वर उचलली. मॉरिस मायनर! पुढची काच दोन तुकड्यांची, पाठ कासवासारखी.

"घेऊन जा," काकू म्हणाल्या. "विकायची नाही मले. पण चालवजो बाप्पा. तशीच नको उभी ठेवू."

गाडी टेम्पोवर चढवून समता कॉलोनीत आली. इंदूबाईंनी तिला पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ही बुटकी कुठं ठेवता? माझे पापड कुठं वाळवू मी?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुनी सुती लुगडी फाडून गाडी पुसायला फडकी काढून दिली.

दोन महिने नीलकंठराव त्या गाडीखाली होते. ब्रेक गंजून बसलेले, कार्ब्युरेटरमध्ये चिखल, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. इंजिन मात्र आतून शाबूत निघालं. वायरिंग त्यांनी सगळं नवं घातलं. त्या काळच्या गाड्यांना आजच्यासारखे लुकलुकणारे इंडिकेटर नसत. दोन्ही दारांच्या मागच्या खांबात एकेक छोटा हात लपलेला असे. डावीकडे वळायचं झालं की डॅशबोर्डवरचा खटका फिरवायचा. खट्ट करून डावा हात बाहेर यायचा, त्याच्या पोटात केशरी दिवा लागायचा. ते दोन हात चालू झाले तेव्हा नीलकंठरावांनी इंदूबाईंना स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं. त्या पीठ भरल्या हातानं आल्या आणि लहान पोट्टीसारख्या हसल्या.

होळी झाल्यावरच्या एका रविवारी, ऊन उतरल्यावर, ते गाडी घेऊन एकटेच नव्या रायपूरकडे निघाले.

गाडी सुरेख चालत होती. काचा खाली केलेल्या, वाऱ्याबरोबर कुठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड, जडसर वास येत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिनाचा आवाज त्या मोकळ्यात लांबवर जाऊन परत यायचा.

आणि डाव्या बाजूला आवाज झाला. खट्ट.

त्यांनी मान वळवून पाहिलं. डावा हात बाहेर आला होता, केशरी दिवा लागला होता. खटका मधोमध होता. त्यांनी तो मागेपुढे केला, हात आत जाईना. शेवटी गाडी कडेला घेतली. बाहेर पाहिलं तर तिथे वळण नव्हतंच. सिमेंटचा उंच काठ, पलीकडे सपाट केलेला मुरूम, त्यात एक पिंपळ आणि अर्धा बुजवलेला तलाव. त्यांनी बोटानं हात आत ढकलला. तो निमूटपणे मिटला.

नवीनच जोडणी आहे, चिकटत असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी गाडी वळवली. आणि पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना त्यांचा हात थबकला.

गाडी जड झाली होती.

ज्यानं गाडीचा एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला आहे त्याला तिचं अंग ठाऊक असतं. क्लच सोडला की ती कशी उचलते, खड्ड्यातून गेली की पाठ किती वेळा हलते, सगळं. आता ती मागून दबली होती. एक मोठं माणूस मागे बसलं की दबते तेवढी. त्यांनी उतरून टायर पाहिले. हवा ठीक होती. मागची सीट रिकामी होती. फक्त आत एक वास होता, मोहाचा नव्हे. सुई टोचायच्या आधी दंडाला कापसानं पुसतात, तो स्पिरिटचा वास.

तशीच जड गाडी त्यांनी शहरात आणली. जुन्या वस्तीत एका वळणावर साड्यांचं मोठं दुकान होतं. त्याच्या पार्किंगसमोर गर्दीमुळे थांबावं लागलं. थांबलेल्या गाडीत त्यांना ते जाणवलं. मागून हळूच एक हिसका बसला आणि पाठ वर आली. कोणीतरी उतरल्यासारखी.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. आठवडाभर मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, उतरवून घासले, तेल लावून परत चढवले. डाव्या हाताची तार सरळ तोडून टाकली. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्या पिंपळासमोर, हात बाहेर आला. दिवाही लागला. तार तुटलेली असताना.

वीज मंडळात उभी हयात गेलेला माणूस तो. तो तोडलेल्या तारेकडे पाहत रस्त्याच्या कडेला किती वेळ बसून राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. भीती वाटली असं ते पुढे कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "अंगातलं बळ गेल्यासारखं झालं होतं, बस."

तिसऱ्या रविवारी त्यांनी इंदूबाईंना बरोबर घेतलं. मुद्दाम काही सांगितलं नाही. आपल्यालाच भास होतो आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

इंदूबाई पुढे बसल्या होत्या, हातात शेंगदाण्याची पुडी. मुलाचं, नीलेशचं, पुण्यातलं घर, त्याचा स्वयंपाकी, असं काहीबाही बोलत होत्या. पिंपळ आला. खट्ट झालं. नीलकंठरावांनी न बोलता गाडी थांबवली, थोडं थांबले आणि वळवली. गाडी जड झाली.

इंदूबाईंचं बोलणं मध्येच थांबलं. पुडी त्यांनी मांडीवर ठेवली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "मागं... कोणी आहे का?"

"काहून? काय झालं?"

"श्वास ऐकू येऊन राहिला."

नीलकंठरावांना इंजिनापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी पाय उचलला, इंजिनाचा आवाज खाली आला. मग त्यांनाही ऐकू आलं. कोणीतरी तोंडानं श्वास घेत होतं. ओढून घेतलेला, मग अडकलेला, मग थोडा कण्हत सोडलेला.

त्यांनी आरशात पाहिलं, मागची सीट रिकामी होती. इंदूबाईंनी मात्र मागे वळून न पाहता पदर डोक्यावर घेतला.

"कळा आहेत," त्या म्हणाल्या. "बाई अडली आहे हो. मले माहीत आहे हा श्वास... नीलेशच्या वेळी माझा असाच होता." आणि मग, जणू शेजारच्या घरातल्या सुनेशी बोलावं तशा, समोर रस्त्याकडे पाहत त्या बोलू लागल्या. "घाबरू नको माय. आलंच आता. लंबे श्वास घे. आम्ही आहो ना..."

सबंध रस्ताभर त्या बोलत राहिल्या. श्वास कधी मंद होई, कधी अडके. साड्यांच्या दुकानासमोर गाडी उभी राहिली, हिसका बसला, पाठ वर आली. स्पिरिटचा वास निघून गेला. इंदूबाईंनी डोळे पुसले.

"इथं काय होतं पहिले?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "इस्पितळ होतं ना हो इथं? छोटं, बैठं? विनायककाका त्याच इस्पितळात होते."

दुसऱ्या दिवशी दोघं कुसुमकाकूंकडे गेले. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. गाडी चांगली चालते, एवढं सांगून नीलकंठरावांनी जपून विचारलं, "काकू, डॉक्टर कुठं बाहेरगावी जात होते का? नव्या रायपूरच्या बाजूला?"

काकूंचा हात सुपात थांबला.

"बोइरडीहला," त्या म्हणाल्या. "तिथंच तर गेले ते. संध्याकाळी निरोप आला, बोइरडीहात एक बाई अडली आहे म्हणून. जेवत होते, ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून आणलं. गावाच्या वळणावर गाडी उभी होती, हात बाहेर, दिवा लागलेला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले होते म्हणे. एका क्षणात गेले, काही कळलं नाही त्यांना. गाववाल्यांनीच सांगितलं." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्रास नाही झाला, एवढंच बरं."

"अन् ती बाई?" इंदूबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. कोणी विचारायच्या ध्यानात नव्हतं तवा."

परतताना दोघांच्याही मनात एकच आलं. डॉक्टर पोचले नाहीत, ती बाई वाट पाहत राहिली आणि अजून पाहते आहे. इंदूबाईंना तर त्यात शंकाच उरली नाही. पुढचे तीन-चार रविवार त्या हट्टानं बरोबर गेल्या. गोधडीची घडी मागच्या सीटवर पसरू लागल्या. कोणाचं तरी काम आपल्या हातून होतं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण दर रविवारी ती इस्पितळाच्या जागी उतरायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा पिंपळापाशी असायची. असं किती दिवस चालणार?

"तिच्या गावाचे लोक कुठं गेले?" इंदूबाई एकदा म्हणाल्या. "तिच्या घरच्यांना तर सांगू. काही पूजा-बिजा करायची असेल तिची."

रस्त्यांसाठी उठवलेल्या बोइरडीहच्या लोकांना सरकारनं नवी घरं दिली होती, एकसारखी, पिवळ्या रंगाची, मोठ्या रस्त्यापासून आत. वैशाखातल्या एका रविवारी, पिंपळापाशी थांबून, गाडी जड झाल्यावर, नीलकंठराव शहराकडे न वळता त्या वस्तीकडे गेले. इंदूबाई मागच्या वजनाशी बोलत होत्या, "तुझ्याच लोकांकडे नेतो तुले, हां माय."

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई तेंदूपानाच्या जुड्या बांधत बसली होती. साठी उलटलेली, अंगानं दणकट, कपाळावर गोंदण. गाडी पाहताच ती उठून उभी राहिली.

"ये तो डागदर साहेब के गाडी आय!"

तिचं नाव सुशीला. नीलकंठरावांनी उतरून, मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत, त्या जुन्या रात्रीचं विचारलं. गावात एक बाई अडली होती, तिचं काय झालं? तिच्या घरचं कोणी आहे का?

सुशीला हसली. तिचे दात तंबाखूनं काळे झाले होते, पण हसू गोड होतं.

"हव, मैंच तो रहेंव," ती म्हणाली.

ती बाई तीच होती. त्या रात्री गावच्या सुईणीनंच तिला सोडवलं होतं. मुलगा झाला, धडधाकट. आता भिलाईला ट्रक चालवतो, तीन लेकरांचा बाप आहे.

इंदूबाई गाडीत बसूनच ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला नीलकंठरावांना दिसला. कारण मागून श्वास अजून येतच होता. ओढलेला, अडकलेला, कण्हत सोडलेला.

सुशीला सांगत होती ते त्यांनी कसंबसं ऐकलं. डॉक्टर एका क्षणात मेले नव्हते. छातीला हात लावून कोसळले होते. गावातल्या माणसांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. गाडीचं इंजिन चालू होतं, दिवा लागला होता, पण गाडी चालवता येणारं माणूस साऱ्या गावात नव्हतं, आणि बैलगाडीचे हिसके त्यांच्या छातीला सोसले नसते. दोघं जण शहराकडे पळाले, ड्रायव्हर आणायला. बाकीचे गाडीभोवती बसून राहिले. डॉक्टर रात्रभर तसेच श्वास घेत होते, आणि मधूनमधून म्हणत होते, चला, इस्पितळात चला. उजाडता उजाडता श्वास थांबला. बाईसाहेबांना हे कसं सांगायचं? म्हणून गावानं ठरवलं, एका क्षणात गेले असं सांगायचं.

"तुमन बने करेव, गाडी ल चलाथव," ती म्हणाली. तुम्ही बरं केलंत, गाडी चालवता. मग ती दोन पावलं पुढं आली आणि मागच्या खिडकीतून आत डोकावली. नीलकंठरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात जोडले, थोर माणसासमोर जोडावे तसे. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती नीलकंठरावांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, म्हणाली,

"डागदर साहेब ल तो चिन्ह डारेंव... फेर ओकर गोदी म ये लइका काकर ए?"

डॉक्टरांना तर ओळखलं. पण त्यांच्या मांडीवर हे लेकरू कोणाचं?

नीलकंठरावांनी गाडी शहराकडे वळवली. इंदूबाई इतके दिवस जिला माय म्हणत होत्या ती बाई नव्हतीच. आणि मांडीवरच्या लेकराबद्दल तर कोणाला विचारायचीही सोय नव्हती. इस्पितळाच्या जागी गाडी हलकी झाली. इंदूबाई म्हणाल्या, "काकूंना सांगावं लागेल."

"सगळं?"

"त्यांच्यापुरतं."

कुसुमकाकूंनी ते शांतपणे ऐकलं. रडल्या नाहीत. रात्रभर श्वास चालू होता हे ऐकताना फक्त त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मले नेशील का रे?"

काकूंना पुढच्या सीटवर बसवलं. इंदूबाई घरी राहिल्या. मागे बसायची त्यांची हिंमत नव्हती आणि काकूंना ते कारण सांगायचंही नव्हतं. काकूंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. संध्याकाळ होती, आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता. पिंपळापाशी खट्ट झालं, गाडी दबली. काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना श्वास ओळखायला वेळ लागला नाही.

"इतके दिवस..." त्या म्हणाल्या. "इतके दिवस एकटेच होता? मले कोणी सांगितलंच नाही हो..."

श्वास अडकला. मग पुन्हा सुरू झाला.

शहर जवळ आलं तशा काकू सावरून बसल्या. साड्यांच्या दुकानाचं वळण समोर दिसू लागलं, तशी त्यांनी नीलकंठरावांच्या हातावर हात ठेवला. "इथं नको थांबवू. इस्पितळ राहिलं कुठं आता? तिथं उतरतात, कोणी भेटत नाही, अन् परत जातात बिचारे." मग मागे न पाहता, ताठ आवाजात, घरच्या बाईनं म्हणावं तसं म्हणाल्या, "घरी चला. ताट झाकून ठेवलं आहे."

नीलकंठरावांनी गाडी न थांबवता पुढे काढली. वजन उतरलं नाही. गाडी तशीच जड, बूढापाऱ्याच्या गल्लीत वळली. स्कूटरवाले बाजूला झाले. दारासमोर गाडी उभी राहिली. काकू स्वतः उतरल्या, पुढची सीट वाकवून मागे जायची वाट मोकळी केली आणि दार धरून उभ्या राहिल्या. गाडीला हिसका बसला. पाठ वर आली. स्पिरिटचा वास नीलकंठरावांच्या तोंडावरून गेला आणि विरला. काकू उंबऱ्यापाशी क्षणभर बाजूला सरकल्या, कोणाला तरी आधी आत जाऊ दिल्यासारख्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नीलकंठराव गाडीतच बसून होते. मन मोकळं झालं होतं. एवढ्या वर्षांनी एक माणूस घरी पोचलं. आपल्या हातून पोचलं. त्यांनी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी हलकी झाली होती. पण पुरती नाही.

डाव्या बाजूनं, मागे, अगदी थोडी दबली होती. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. मांडीवर घेता येईल एवढं वजन.

कुसुमकाकू त्यानंतर आठ वर्षं जगल्या, सुखानं जगल्या. गाडीचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नंतरच्या एक-दोन रविवारी पिंपळाजवळून जाताना हात बाहेर आला नाही. पुढे तिथला तलाव पुरता बुजला आणि त्यावर सरकारी कचेरी उभी राहिली.

त्या एक-दोन खेपांनंतर नीलकंठरावांनी गाडी चालवणं सोडलं. देऊन टाकावी असं त्यांच्या मनात अनेकदा आलं, पण ज्याला द्यायची त्याला काय सांगून द्यायची? तिला घरामागच्या शेडमध्ये कुलपात ठेवायची, वर्षातून दोनदा पुसायची, इंजिन जागच्या जागी सुरू करायचं आणि बंद करायचं, एवढंच. पण डोळे ऐकतात होय? दर वेळी ते डाव्या मडगार्डच्या आणि टायरच्या मधली फट पाहायचे. पहिल्या वर्षी ती नेहमीपेक्षा नखभर कमी होती. मग बोटभर. कमान बसली असेल म्हणून त्यांनी कमान बदलली. तरी दर वर्षी फट कमीच होत गेली, सावकाश, कोणाला घाई नसल्यासारखी.

"वाढून राहिलं आहे ते," इंदूबाई एकदा म्हणाल्या. त्यानंतर त्या शेडमध्ये गेल्या नाहीत.

आणि यंदा दिवाळीच्या आधी नीलकंठरावांनी शेडचं कुलूप काढलं तर गाडीची पाठ वर होती. दोन्ही बाजूंनी सारखी, अगदी पहिल्या दिवसासारखी. त्यांनी वाकून दोनदा पाहिलं, हात लावून पाहिला. गेलं. इतक्या वर्षांनी गेलं. त्यांनी इंदूबाईंना हाक मारली आणि आनंदानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

ते तिथेच उभे राहिले. नीलकंठराव उंच माणूस. त्यांची सीट कायम मागच्या शेवटच्या खाचेत असायची, त्याशिवाय त्यांचे पाय आत मावत नसत. आता ती सीट पुढे सरकवलेली होती. पहिल्या खाचेपर्यंत, स्टिअरिंगला अगदी चिकटून. तिथे बसून पायांनी क्लच गाठायचा तर ते पाय फार लहान असायला हवे होते.